एकोणीस जणांचा परवाना

फुकटात कंपनी कशी चालवायची, या विषयावर मिहिर देगलूरकरचं भाषण कायम तयार असे. फक्त ऐकणारा भेटायची खोटी! नांदेडात आनंदनगरच्या चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एवढंच काय, दातांच्या दवाखान्यात तोंडात कापूस धरून बसलेल्या एका सभ्य गृहस्थालाही त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं होतं. त्या बिचाऱ्याला नको म्हणायचीही सोय नव्हती.

“जागा शेषेराव काकांची,” मिहिर एकेक बोट दुमडत सांगे. “इंटरनेट खालच्या झेरॉक्सवाल्याचं. आणि सॉफ्टवेअर? गेम बनवायचं जगातलं एक नंबरचं सॉफ्टवेअर! मोठमोठ्या कंपन्या त्याला लाखो रुपये मोजून राहिल्या. आपण? एक छदाम नाही! आणि चोरीचं नाही बरं का. अधिकृत, परवान्यासकट!”

यात खोटं काही नव्हतं. त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा नियमच तसा होता. वर्षाची उलाढाल एका ठरावीक रकमेच्या खाली असेल तोवर सॉफ्टवेअर खुशाल फुकट वापरा. त्या रकमेच्या वर गेलात की व्यावसायिक परवाना घ्या, आणि तोही माणशी. जितकी माणसं सॉफ्टवेअर वापरणार, तितके परवाने. मिहिरच्या ‘गोदातरंग गेम्स’ची उलाढाल त्या रेषेच्या इतकी खाली होती, की तिथून रेष दिसतसुद्धा नव्हती.

कंपनीत मिहिर हा संस्थापक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि व्यवसायवृद्धी विभागाचा प्रमुख. उरलेली सगळी कंपनी म्हणजे ऋतुजा. औशाजवळच्या खेड्यातली पोरगी, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली. डोकं तेज, आणि जीभ त्याहून. ती ‘मोंढा’, म्हणजे धान्य-मिरचीचा आडतबाजार, या नावाचा गेम बनवत होती. त्यात तुम्ही आडत्या. समोर मिरचीची पोती, पलीकडे व्यापारी, आणि भाव ठरणार जुन्या पद्धतीने, रुमालाखाली बोटं दाबून. समोरच्याने किती बोटं दाबली हे ओळखायचं आणि फसायचं नाही. चित्रं तिची, प्रोग्रामिंग तिचं, कल्पनाही तिचीच. मिहिर व्यवसाय वाढवत असे. म्हणजे बाहेर जाऊन बोलत असे.

मिहिरचे वडील वसंतराव, निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की ते “कॉम्प्युटरमध्ये आहे” असं सांगत, पण ज्या आवाजात लोक “दवाखान्यात आहे” म्हणतात त्या आवाजात. अशात लातूरहून स्थळ सांगून आलं. मुग्धा निटूरकर. स्वतः सीए, वडिलांचा फिजिक्सचा क्लास. पाहण्याच्या कार्यक्रमात तिने मिहिरला विचारलं, “गेम बनवता म्हणजे दिवसभर नेमकं काय करता?” हा प्रश्न त्याला आजवर सगळ्या नातेवाइकांनी विचारला होता, पण उत्तर ऐकायला थांबलेली, आणि ऐकून मोकळेपणी हसलेली ही पहिलीच. मिहिर तिथेच गारद झाला. खरोखर आवडली त्याला ती. त्याने तिला ‘मोंढा’ची सगळी गोष्ट सांगितली, फक्त ‘ऋतुजा’ हा शब्द जिथे जिथे यायला हवा होता तिथे तिथे ‘मी’ घातला.

निटूरकर सर मात्र लातूरचे. त्यांना गोष्टीत रस नव्हता, निकालात होता.

“मुलगा चुणचुणीत आहे,” ते निघताना वसंतरावांना म्हणाले. “पण कंपनी केवढी? उलाढाल किती? येता रविवार सोडून पुढच्या रविवारी आम्ही ऑफिस बघायलाच येतो.”

वसंतरावांचा चेहरा उतरला. पण त्यांना शेषेराव पाटील भेटले. शेषेराव म्हणजे ऑफिसच्या इमारतीचे मालक. गावाकडे वडिलोपार्जित जमीन, शहरात तीन मजले आणि मनात नगरसेवकपद. वॉर्डात कुणाकडे पाळणा हलला तरी शेषेरावांचा अभिनंदनाचा फ्लेक्स बाळाच्या आधी बाहेर पडे.

“मास्तर, तुमी घोर करू नका,” शेषेराव म्हणाले. “पोराचा असा फ्लेक्स लावतो, लातूरपोतर दिसला पायजे!”

आणि लावला. चौकात, सिग्नलच्या वर. ‘नांदेडचे भूमिपुत्र, गेमिंगसम्राट मा. मिहिरभैय्या देगलूरकर यांच्या कंपनीने कोट्यवधींची उलाढाल पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ कोपऱ्यात पासपोर्टएवढा मिहिर. मधोमध, कानाला फोन लावलेले, आभाळाला टेकलेले शेषेराव. खाली तीन रांगांत एकोणीस शुभेच्छुक.

“काका, कोट्यवधी?” मिहिर बारीक आवाजात म्हणाला.

“आरं, हजार म्हणून कुनी फ्लेक्स लावतंय का?”

हे मिहिरला पटलं. इतकं पटलं, की त्याने फ्लेक्सचा फोटो काढून कंपनीच्या पानावर टाकला. वर इंग्रजीत लिहिलं, की ही आमची वाढती टीम, उलाढाल कोटींच्या पुढे, आणि हे सगळं केवळ या सॉफ्टवेअरमुळे! पुढे त्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव जोडून, जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. एवढा कृतज्ञ माणूस मराठवाड्यात शोधून सापडला नसता! निटूरकर सरांनी ती पोस्ट बघितली, त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘आपले होऊ घातलेले.’

मग सॉफ्टवेअर कंपनीची ईमेल आली. सुरुवात अभिनंदनाने होती. मोठ्या कंपन्यांचं पैसे मागणं नेहमी अभिनंदनानेच सुरू होतं. आपल्या यशाबद्दल आम्हांला अभिमान वाटतो. आपण आता फुकट परवान्याच्या मर्यादेत राहिला नाहीत, ही किती आनंदाची गोष्ट! आपल्या टीमचं छायाचित्र पाहिलं. एकोणीस जण, माणशी वर्षाला दीड लाख, एकूण साडेअठ्ठावीस लाख, अधिक कर. नवी आवृत्ती येताच दरात किरकोळ वाढ होईल, तीही आनंदाने कळवू. उलाढाल मर्यादेखाली असल्याचा आपला दावा असल्यास ती पोस्ट काढून त्याजागी जाहीर खुलासा टाकावा, अन्यथा परवाना बंद करण्यात येईल.

परवाना बंद म्हणजे ‘मोंढा’ बंद. ऋतुजाची दोन वर्षांची मेहनत त्या सॉफ्टवेअरच्या पोटात होती. तिने ईमेल वाचली आणि आधी पोट धरून हसली.

“दादा, खरं ते लिहून टाका की. उलाढाल न्हाई, माणसं न्हाईत, फोटोतले सगळे पाहुणे-रावळे हायेत. तीन ओळींचं काम!”

“जाहीर खुलासा टाकू? सर बघतील ना!”

“बघू द्या की. कधीतरी बघणारच हायेत.”

पण मिहिरला ते जमेना. लग्न हवं तर कंपनी मोठी असायला हवी आणि कंपनी टिकवायची तर ती लहान असायला हवी! त्याने डोकं खाजवलं आणि एक बेरकी उत्तर पाठवलं. आम्ही परवाने घ्यायला अगदी उत्सुक आहोत, मात्र आमच्या टीमला प्रत्यक्ष येऊन कुणी समजावून सांगितल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

“आता बसा म्हणावं,” तो ऋतुजाला म्हणाला. “परवान्यापायी नांदेडला कोण मरायला येतंय? सहा महिने सहज निघतील.”

संध्याकाळी पुण्याच्या ऑफिसातून उत्तर आलं, शुद्ध मराठीत. ‘नमस्कार सर. मी उज्वला. माझं माहेर धर्माबाद. येत्या रविवारी आईकडे येतेच आहे. दुपारी तीन वाजता आपल्या ऑफिसला येऊन जाईन.’

रविवार! निटूरकर सर येणार होते तोच रविवार, सकाळी अकराला! मिहिरने कॅलेंडर दोनदा तपासलं. पण माणूस व्यवसायवृद्धीचा होता. सकाळी अकरा ते एक कंपनी मोठी ठेवायची. एक ते तीनमध्ये आवरून लहान करायची. लातूरवाले जेवून गेले की पुणेवाल्या बाईंना एक टेबल, एक ऋतुजा आणि एक ग्लास पाणी दाखवायचं. बेत असा सोपा होता, की वसंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाची पाठ थोपटली.

शेषेरावांच्या पुतण्याचं परीक्षा केंद्र बंद पडलं होतं. तिथले कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले. बरेचसे चालत नव्हते, पण पडद्यावर उजेड पडला की झालं! एका प्लगातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं करत सगळी वीज एकाच मीटरवरून ओढली. माणसांचा प्रश्न नव्हताच. वसंतरावांचे सकाळी फिरायला येणारे मित्र ‘प्रोग्रामिंग विभाग’ झाले. मिहिरची आई विमलताई, तिची भिशी ‘ग्राफिक्स विभाग’ झाली. शेषेरावांच्या मंडळी गुणाबाई यांना ‘टेस्टिंग’ दिलं. त्यांना स्वस्थ बसवेना म्हणून ऋतुजाने त्यांच्यासमोर खरोखरचा ‘मोंढा’ लावून दिला.

“आणि मी बसू कुठं?” ऋतुजाने विचारलं. तिच्या खुर्चीवर टाय घातलेले एक निवृत्त हेडक्लार्क बसले होते.

“आजच्या दिवस दाराशी बस ना. रिसेप्शनला. तू बारीक दिसतेस गं, त्यांना सीनियर माणूस दिसायला पाहिजे. आणि चहाचं तेवढं बघ.”

 ऋतुजा लॅपटॉप काखेत मारून दाराशी जाऊन बसली.

“चहाला माणशी परवाना लागतो का दादा, तेवढं विचारून घ्या,” ती म्हणाली.

निटूरकर सर अकराची वेळ देऊन दहाला आले. सोबत मुग्धा. सर दारातच थबकले. समोर एकोणीस डोकी, एकोणीस उजळलेले पडदे, टकटक टकटक टाइप करणारे हात! सगळ्यांना ‘काही झालं तरी टाइप करत राहायचं, मान वर करायची नाही’ अशी सूचना होती, आणि निवृत्त सरकारी माणसं सूचना पाळण्यात पटाईत.

“वा!” सर म्हणाले. “अगदी आमची अभ्यासिकाच!”

त्यांनी मागे हात बांधून पर्यवेक्षकासारखी फेरी सुरू केली. हेडक्लार्कांपाशी थांबले.

“काय हो, पगार बरा देतात का इथे?”

पगाराचा विषय मिहिरने कुणालाच पढवला नव्हता. हेडक्लार्कांनी मान वर न करता जे खरं होतं ते सांगितलं. “पेन्शन बत्तीस हजार. वर महागाई भत्ता.”

सर चाटच पडले. “खासगी कंपनीत पेन्शन? महागाई भत्ता?” त्यांनी मुग्धाकडे वळून भुवया उंचावल्या. मुग्धाचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती एका पडद्याकडे बघत होती, त्यावर ‘कीबोर्ड जोडलेला नाही’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि समोरच्या काकू त्याच कीबोर्डवर मन लावून टाइप करत होत्या.

तेवढ्यात पलीकडून गुणाबाईंचा आवाज फुटला. “आगं बाई बाई! धा हजाराची मिरची ह्यो सात हजारात मागून राहिला! मुडदा बशिवला ह्याचा!”

“टेस्टिंग चालू आहे,” मिहिर घाईने म्हणाला. “जोरदार टेस्टिंग करतो आपण.”

आणि दारात एक बाई उभी राहिली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात धर्माबादच्या मिरचीची पिशवी.

“मिहिर देगलूरकर? मी उज्वला. भावाला सकाळीच नांदेडला काम निघालं, म्हटलं त्याच्याच गाडीतून यावं. लवकर आले, चालेल ना?”

 मिहिर धावत दाराशी गेला आणि मागे सर उभे आहेत हे ध्यानात ठेवून हळूच म्हणाला, “मॅडम, तीनला या ना. आत्ता जरा...”

पण उज्वलामॅडम त्याच्या खांद्यावरून आत बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नवल दाटून आलं.

“खरंच एकोणीस आहेत की हो!” त्याही हळूच म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं. खरं सांगू का सर? तो फ्लेक्स बघून मला हसूच आलं होतं. मी धर्माबादची आहे, मला फ्लेक्स कळतात. त्यात तिसऱ्या रांगेत आमचे मोठे काका आहेत. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली! म्हटलं फ्लेक्सवाल्याने जुनंच डिझाइन काढून दिलंय. मी तर आज चहा घेऊन प्रकरण बंदच करायला आले होते. पण इथे तर सगळे हजर!”

आता वाचकहो, माणसाने नशिबाला दोष द्यावा तरी किती? ती बाई सोडून द्यायला आली होती! मिहिरने काहीही केलं नसतं, रविवारी दाराला कुलूप लावून नुसता झोपला असता, तरी सुटला असता. पण त्याने मेहनत घेतली होती.

“कोण आहेत या?” सर पुढे आले.

“क्लायंट!” मिहिर म्हणाला.

“सॉफ्टवेअर कंपनीकडून आले मी,” उज्वलामॅडम म्हणाल्या. “यांच्या परवान्याचं बघायला.” त्यांनी बोटाने हवेत डोकी मोजली, मोबाइलवर आकडे टाकले. “एकोणीसच्या हिशेबाने साडेअठ्ठावीस लाख. कर वेगळा. हे वर्षाचं बरं का सर.”

मिहिरला वाटलं, संपलं. पण निटूरकर सरांचे डोळे चमकले.

“साडेअठ्ठावीस लाख? नुसत्या सॉफ्टवेअरला?” त्यांनी वसंतरावांचा हात हातात घेतला. “मास्तर, तुम्ही बोलला नाहीत! म्हणजे नफा केवढा असेल! भरून टाका जावईबापू, आमच्यासमोरच भरून टाका. शुभशकुन होईल!”

जावईबापू! हा शब्द कानावर पडायला मिहिरने जीव टाकला होता, आणि तो आला तेव्हा त्याच्यासोबत साडेअठ्ठावीस लाख आले होते. कंपनीच्या खात्यात एक्केचाळीस हजार होते. त्याने उजवीकडे सरांकडे बघून “हो” म्हटलं, डावीकडे उज्वलामॅडमकडे बघून मान नाही म्हणून हलवली. परत सरांकडे बघून हसला आणि परत मॅडमकडे बघून रडवेला झाला.

“मॅडम, हे लोक तसे वापरत नाहीत,” तो कुजबुजला.

“काय वापरत नाहीत?” मॅडम मोठ्याने म्हणाल्या. “समोर टाइप करून राहिलेत ना?”

“जीएसटी नंबर द्या त्यांना,” मुग्धा शांतपणे म्हणाली. “करावर क्रेडिट मिळेल तुम्हांला.”

मिहिरला घाम फुटला. ऑफिसात उकडायला लागलं म्हणून विमलताईंनी होणाऱ्या सुनेच्या काळजीने कोपऱ्यातला कूलर चालू केला. मीटरमध्ये ठिणगी उडाली. फट्ट! पंखे थांबले, दिवे गेले, एकोणीसच्या एकोणीस पडदे काळे झाले.

आणि टकटक चालूच राहिली.

प्रोग्रामिंग विभाग काळ्याठिक्कर पडद्याकडे बघत तन्मयतेने टाइप करत होता. ग्राफिक्स विभागातल्या एक काकू काळ्या पडद्यावर माउस फिरवून समाधानाने मान डोलावत होत्या. कुणालाही काही फरक पडला नव्हता. वीज गेल्याचं एकाच माणसाला कळलं.

“आरं माझी मिरची!” गुणाबाई किंचाळल्या. “चांगलं साडेनऊ हजारावर आनलं होतं मेल्याला! कुनी बंद केलं रं?”

उज्वलामॅडम एकेका काळ्या पडद्यावरून नजर फिरवत गेल्या. ती नजर शेवटी दाराशी येऊन थांबली. तिथे ऋतुजाचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, आणि ती या गोंधळाकडे ढुंकूनही न बघता व्यापाऱ्याच्या रुमालाची घडी नीट बसवत होती.

“एक वापरणारी,” मॅडम म्हणाल्या, “आणि एक खेळणारी. बाकीचे कोण हो, सर?”

“थांबा रे आता,” वसंतराव खालच्या आवाजात मित्रांना म्हणाले. टकटक बंद झाली. हेडक्लार्कांनी टाय सैल केला.

मिहिरने सगळं सांगून टाकलं. उलाढाल नाही, टीम नाही, कॉम्प्युटर उसने, माणसं आईबाबांची. सांगताना तो फक्त मुग्धाकडे बघत होता. निटूरकर सर आता संतापतील, वसंतरावांचा सगळ्यांसमोर पाणउतारा होईल असंच सगळ्यांना वाटलं. सर संतापलेही. पण ते भलत्याच गोष्टीवर.

“अहो, इन्व्हर्टर ठेवायचा की!” ते कळवळून म्हणाले. “एवढा थाट केलात आणि बॅकअप नाही? माझ्या फ्लेक्सवर यंदा सत्तावीस टॉपर आहेत. त्यातले चार आमचे. बाकीच्यांनी एकेक सराव परीक्षा दिली आमच्याकडे, तीही फुकट. पण आजवर कुणी बोट दाखवलंय? तयारी लागते तयारी!”

शेषेरावांनी आदराने मान हलवली. माणूस ओळखीचा निघाल्यासारखं त्यांना वाटलं. मिहिरच्याही जिवात जीव आला. सर तर आपलेच निघाले!

“बाबा, थांबा,” मुग्धा म्हणाली. मग मिहिरकडे वळली. “तुमची उलाढाल मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. जीएसटीत तुमची नोंदणीच नाही, म्हणजे वीस लाखांच्या आतच असणार. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. गेमबद्दल तुम्ही इतकं छान बोललात, म्हणून मी आले.” तिने दाराकडे बघितलं. “तो गेम कोण बनवतं?”

मिहिरने तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्याला भाषण सुचेना.

“ही,” गुणाबाई म्हणाल्या. “ही पोरगी. लई ग्वाड हाय गेम.”

“आणि हिला तुम्ही चहाला बसवलंत?”

मुग्धाने एक खुर्ची ओढली आणि ऋतुजाशेजारी जाऊन बसली. दोघी तासभर बोलत होत्या. मधेच मुग्धाचं हसू ऐकू आलं, पाहण्याच्या कार्यक्रमातलं तेच हसू. लातूरवाले जेवायला थांबले नाहीत. विमलताईंनी एवढं पुरण घातलं होतं, ते प्रोग्रामिंग विभागाने संपवलं.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. मुलगी नाही म्हणते. आमचं काही म्हणणं नव्हतं, पण आजकालच्या मुली. इन्व्हर्टर मात्र जरूर घ्या.

त्याच आठवड्यात ऋतुजा निरोप घ्यायला आली. लातुरात मुग्धाच्या भांडवलावर दोघींची कंपनी निघत होती. घरही जवळ पडणार होतं. मुग्धाने आधीच तिच्या हातात नेमणूकपत्र ठेवलं होतं, आणि उज्वलामॅडमना फोन करून तिच्या नावाचा व्यावसायिक परवाना विकत घेतला होता, रोख दीड लाखाचा. अजून एक रुपया कमवायच्या आधी! ‘मोंढा’ ऋतुजाबरोबरच गेला. मिहिरने तिला कधी नेमणूकपत्र दिलंच नव्हतं, तेव्हा तो कंपनीचा म्हणायलाही जागा नव्हती.

“दादा, माझ्यावर राग धरू नका,” ती म्हणाली.

“छे गं,” मिहिर म्हणाला. त्याला राग नव्हता. लाज वाटत होती, आणि ती रागापेक्षा फार वेळ टिकते हे त्याला नव्यानेच कळत होतं.

ती गेल्यावर त्याने तिच्या जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ते जगातलं एक नंबरचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर एक करडं, रिकामं मैदान आलं. मधोमध एक पांढरा चौकोनी ठोकळा. मिहिरने त्याला हलवायचा प्रयत्न केला. तो हलेना. शेजारी वसंतराव पेपर वाचत बसले होते, त्यांनी विचारलं, “काय करून राहिलास?” मिहिर म्हणाला, “काम.”

तेवढ्यात उज्वलामॅडमचा फोन आला.

“सर, आनंदाची बातमी! तुमचा फुकट परवाना चालू ठेवायला हेड ऑफिस कबूल झालंय. साडेअठ्ठावीस लाख वाचले बघा! फक्त एक आकडा भरायचाय. आमचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरणारी माणसं सध्या किती?”

मिहिरने ठोकळ्याकडे बघितलं. मग ऑफिसभर नजर फिरवली.

“शून्य,” तो म्हणाला.

“किती?”

“शून्य, मॅडम.”

 मग उज्वलामॅडम अगदी मायेने, माहेरच्या बोलीत म्हणाल्या, “मग येवढा आटापिटा कशापायी केलात ओ? शून्य माणसांचा परवाना कुनालाबी फुकटच मिळतो. त्याला कंपनी लागत न्हाई.”